अष्टापदाच्या वाटेवरील धावपट्टी

कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापासून थोड्याच अंतरावर, वारुंजी-मुंढे परिसरात, कऱ्हाडची धावपट्टी आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या कामासाठी १९५० च्या दशकात ती बांधण्यात आली. लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे पावणेसहाशे मीटर. एका बाजूला आगाशिवाचे डोंगर, दुसरीकडे नदीकाठची ऊसशेती. शिकाऊ वैमानिकांनाही याच पट्टीवर उतरण्याचे धडे मिळालेले आहेत. इंजिनाचा आवाज आला की शेतात काम करणारी माणसे क्षणभर मान वर करतात आणि पुन्हा कामाला लागतात. इकडे सांगलीजवळ कवलापूर येथील जुनी धावपट्टी वर्षानुवर्षे पडून आहे. तेथे विमानतळ व्हावा ही मागणी अधूनमधून उठते आणि विरते. एकूण, सातारा-सांगलीच्या व्यापारी कुटुंबांचा छोट्या विमानाशी संबंध तो इतकाच, आकाशात दिसले तर पाहण्यापुरता.

या कुटुंबांतील वडीलधारी मंडळी कैलास-अष्टापदाच्या यात्रेला निघतात, तेव्हा मात्र हा संबंध एकदम जवळचा होतो. मुंबई-दिल्लीची मोठी विमाने त्यांच्या सवयीची असतात. नेपाळमार्गे जाणाऱ्यांना नेपाळगंज येथे जे विमान मिळते, ते वेगळेच असते. पंधरा-अठरा आसने, दोन्ही बाजूंना फिरणारे पंखे, वैमानिकाची पाठ प्रवाशाला दिसते आणि त्याच्या खांद्यावरून पुढची काच. त्या काचेत पाऊण-एक तासाने एक डोंगर उभा राहतो आणि त्याच्या अंगावर एक आखूड पट्टी दिसू लागते. ते सिमिकोट. हुमला जिल्ह्याचे ठाणे. यात्रेच्या माहितीपत्रकात या प्रवासाला एक ओळ दिलेली असते. निवास, भोजन, जैन थाळी, घोडे, पोर्टर यांची चौकशी करणारे घर या ओळीविषयी मात्र सहसा काही विचारीत नाही.

अष्टापदाचे स्थान जैन मनात काय आहे हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांची ती निर्वाणभूमी. दिगंबर परंपरा तिला कैलास पर्वत म्हणते, श्वेतांबर परंपरा अष्टापद. कालौघात दुर्लभ झालेले हे तीर्थ. नेमके स्थान कोणते यावर अभ्यासकांची मते भिन्न आहेत. परंतु आज यात्रेकरू जातात ते तिबेटातील कैलास-मानसरोवराच्या परिसरात. करोनाकाळात खंडित झालेली भारत सरकारची यात्रा २०२५ मध्ये लिपुलेख आणि नाथू ला या दोन खिंडींतून पुन्हा सुरू झाली. सरकारी यात्रेत निवड संगणकीय सोडतीने होते. नाव न निघालेले, किंवा दिवस कमी असलेले, खासगी आयोजकांमार्फत नेपाळचा रस्ता धरतात. त्यांतील एक वाट नेपाळगंज, सिमिकोट, तेथून हेलिकॉप्टरने हिल्सा आणि सीमा ओलांडून तकलाकोट अशी आहे.

येथे एका गोष्टीचा विचार आवश्यक आहे. आपली बहुतेक पर्वतीय तीर्थे श्रमाची आहेत, उंचीची नाहीत. सम्मेदशिखरजीची चढउतार व वंदना मिळून सत्तावीस किलोमीटर होते, पण पारसनाथ डोंगराचा माथा सुमारे १,३६५ मीटरांवर आहे. आपल्या महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट त्याहून थोडा उंचच भरतो, साधारण १,४४० मीटर. गिरनार त्याहून कमी, शत्रुंजय आणखी कमी. कुंडलचा झरी पार्श्वनाथाचा डोंगर तर सांगलीकरांच्या घरचाच. ज्या आजोबांनी शिखरजीची वंदना पायी तीन वेळा केली, त्यांना आपण कैलासासाठी समर्थ आहोत असे वाटणे स्वाभाविक आहे. पण शिखरजीवर दम लागतो तो चालण्याने. सिमिकोटला विमानातून उतरून चार पायऱ्या चढतानाही दम लागतो, कारण तेथे हवाच कमी असते. तीन हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के उरतो. परिक्रमेतील डोल्मा ला खिंडीत, ५,६०० मीटरांच्या पुढे, तो जवळजवळ निम्मा होतो.

जी हवा माणसाला कमी पडते, ती विमानालाही कमी पडते.

विमान उचलले जाते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे. हवा दाट असेल तर थोडा वेग पुरतो. विरळ असेल तर तेवढाच आधार मिळविण्यासाठी अधिक वेगाने जावे लागते. कऱ्हाडला हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा पाच टक्क्यांनी कमी आहे, म्हणजे फरक जाणवण्यासारखा नाही. महाबळेश्वरवर दुसरे महाबळेश्वर ठेवले तर जी उंची होईल, जवळपास त्या उंचीवर नेपाळमधील प्रसिद्ध लुकला विमानतळ आहे, २,८४५ मीटर. तेथे घनता समुद्रसपाटीच्या पंचाहत्तर टक्के राहते. मैदानात जे विमान ताशी १३० किलोमीटर वेगाने उतरते, त्याला तेथे ताशी १५० च्या वेगाने जमिनीला टेकावे लागते. फरक वीसच किलोमीटरांचा. पण धावत्या वस्तूची शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ते विमान थांबविण्यासाठी जी शक्ती जिरवावी लागते ती एक-तृतीयांशाने वाढलेली असते. आणि थांबण्यासाठी जागा? डोंगरात जागा मैदानापेक्षा कमीच मिळते.

यात एक फसवी गोष्ट दडलेली आहे. वैमानिकापुढील वेगदर्शक काटा हवेचा रेटा मोजतो. हवा विरळ असली की विमान प्रत्यक्षात अधिक वेगाने जात असूनही काटा नेहमीचाच आकडा दाखवितो. तो आकडा उड्डाणाच्या दृष्टीने योग्यच असतो. पंखांनाही तोच रेटा हवा असतो. डोळा मात्र सांगत राहतो की खालची शेते, झाडे, घरे फार वेगाने मागे पडत आहेत, वेग कमी कर. मैदानात शिकलेला वैमानिक डोळ्याचे ऐकून वेग कमी करतो आणि पंखांखालचा आधार गमावतो. दुसरा भ्रम उताराचा. डोंगरातील पट्टी बहुधा चढती असते. चढत्या पट्टीकडे समोरून येताना वैमानिकाला आपण प्रत्यक्षापेक्षा अधिक उंच आहोत असा भास होतो. तो खाली येऊ लागतो, आणि पट्टीच्या तोंडाशी असलेला कडा त्याची वाट पाहत असतो. म्हणून पर्वतीय उड्डाणाचे शिक्षण हे बऱ्याच अंशी स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवण्याचे शिक्षण आहे.

लुकलाची पट्टी ५२७ मीटर लांब आहे, कऱ्हाडच्या पट्टीच्या निम्म्याहूनही कमी. तिचा उतार सुमारे पावणेबारा टक्के, म्हणजे एका टोकापेक्षा दुसरे टोक साठ मीटर उंच, वीस मजली इमारतीइतके. विमान खालच्या टोकाकडून येते, चढावर धावते आणि चढच त्याला थांबवितो. वरच्या टोकाला डोंगराची भिंत आहे. जाताना तेच विमान उतारावर धावत सुटते आणि पट्टी संपते तेथे दरी सुरू होते. येणे एका दिशेने, जाणे उलट दिशेने. तिसरा मार्ग नाही. साध्या विमानतळावर उतरणे साधले नाही तर वैमानिक पुन्हा वर उठतो, फेरी मारून परत येतो. येथे एका ठरावीक बिंदूच्या पुढे ती मुभा संपते. त्या बिंदूपाशी पट्टी स्पष्ट दिसत असेल, वारा योग्य असेल, वेग व उंची बरोबर असेल, तरच पुढे जायचे; एकही गोष्ट कमी असेल तर तेथूनच वळायचे. वळता यावे म्हणून अनुभवी वैमानिक दरीच्या मधून जात नाही. तो एका कुशीला धरून जातो, म्हणजे वळण्यास दरीची पूर्ण रुंदी हाताशी राहते. मधोमध उडणाऱ्याला दोन्हीकडे निम्मीच दरी मिळते.

या पट्टीचा जन्मही सांगण्यासारखा आहे. एव्हरेस्ट सर केल्यानंतर एडमंड हिलरी यांनी शेर्पा वस्तीत शाळा-दवाखान्यांची कामे हाती घेतली. त्यांचे सामान पायवाटेने आणण्यात दिवसच्या दिवस जात. म्हणून १९६४ मध्ये शेर्पांकडून जमीन विकत घेऊन ही पट्टी तयार झाली. सपाट शेतजमीन शेतकऱ्यांनी सोडली नाही, म्हणून ती उतारावर आली, असे सांगतात. माती दबली जात नव्हती तेव्हा गावकऱ्यांनी ओळीने हातात हात घालून तिच्यावर नाच केला आणि पावलांनीच ती घट्ट केली. डांबरीकरण झाले ते २००१ मध्ये. आज तिला तेनसिंग-हिलरी विमानतळ म्हणतात. येथे विमान उतरविणाऱ्या कॅप्टनसाठी नियम कडक आहेत: आखूड पट्ट्यांवरील किमान शंभर उड्डाणे, नेपाळमधील अशा उड्डाणांचा वर्षभराचा अनुभव आणि प्रशिक्षक शेजारी बसवून लुकलाला दहा फेऱ्या.

अशा ठिकाणी जाणारी विमानेही निराळ्या घडणीची असतात. कॅनडाचे ट्विन ऑटर आणि मूळचे जर्मन डॉर्निअर २२८ ही दोन नावे यात्रेकरूंच्या तिकिटावर येतात. दोन्हींचे पंख शरीराच्या वरच्या बाजूस, म्हणजे खडीचे दगड उडाले तरी पंखा व इंजिन बचावतात. पंखांच्या मागच्या कडा मोठ्या प्रमाणावर खाली झुकतात, त्यामुळे कमी वेगातही आधार टिकतो. आणि जमिनीला टेकताच फिरत्या पंख्यांची पाती उलट कोनात वळवून तीच हवा पुढे फेकता येते; प्रवाशाला एकदम मोठा घरघराट ऐकू येतो आणि तो घाबरतो, तो आवाज या उलट रेट्याचा असतो.

डॉर्निअरच्या नावापाशी जैन वाचकाने क्षणभर थांबावे असे एक कारण आहे. भारतात ही विमाने हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूर येथील कारखान्यात ऐंशीच्या दशकापासून परवान्याने तयार होतात. या संस्थेचे मूळ म्हणजे डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेली हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी, आणि तिचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात १८८२ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी रेल्वेची कंत्राटे, जहाजे, साखर असे करीत करीत विमानाचा ध्यास घेतला. परदेशी सरकार अनुकूल नसताना म्हैसूर संस्थानचे साहाय्य मिळवून कारखाना उभा केला. युद्धामुळे १९४२ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला आणि महायुद्धकाळात तेथे मित्रराष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती होत राहिली. सांगलीकर त्यांचे नाव रोज घेतात, परंतु विमानाच्या संदर्भात नव्हे. १९४७ मध्ये सांगलीत सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. विश्रामबागेकडून जाताना त्या फाटकावरील नाव वाचणाऱ्या किती विद्यार्थ्यांना बंगळूरचा हा इतिहास ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

उंच पर्वतात विमान उतरविण्याचा भारतीय अध्याय मात्र यात्रेने सुरू झाला नाही, संकटाने झाला. १९४८ च्या वसंतात लेह वेढले जाण्याच्या बेतात होते. रस्ता बंद, सैन्य पोहोचविण्याचा एकच मार्ग, आकाशाचा. लडाखी अभियंता सोनम नोर्बू यांनी स्थानिक लोकांना हाताशी धरून अल्पावधीत सिंधूकाठी एक कच्ची पट्टी तयार केली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डकोटा विमान तेथे उतरविले; शेजारी होते मेजर जनरल थिमय्या. त्या मार्गाने पूर्वी कोणी विमान नेलेले नव्हते. सुमारे ३,२५० मीटर उंचीच्या जागी, आजच्या सोयींपैकी काहीही नसताना, ते टेकले. त्यानंतर तुकड्या येऊ लागल्या आणि लेह वाचले. पुढे जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर राजे यांनी दौलत बेग ओल्डी येथे, पाच हजार मीटरांवर, पॅकेट जातीचे विमान उतरविले. तेथे हवेची घनता साठ टक्केच उरते. जगातील सर्वांत उंच पट्टीवर उतरण्याचा तो त्या वेळचा विक्रम होता. पट्टी नंतर दीर्घकाळ ओस पडली आणि २००८ मध्ये पुन्हा वापरात आली.

पुन्हा यात्रेकडे वळावे. नेपाळगंजच्या विमानतळावर यात्रेकरूंना सर्वांत जास्त राग येतो तो काट्यावर. सामान तर तोलतातच, प्रसंगी माणसालाही काट्यावर उभे करतात. दहा-पंधरा किलोंपलीकडचे सामान मागे ठेवायला सांगतात. त्यात घरून करून आणलेले खाकरे, सुका नाश्ता, पूजेचे साहित्य, मोठ्या काळजीने भरलेला डबा असतो. वाद होतो. पण ज्यांचे आयुष्य मार्केट यार्डात गेले त्यांना हा हिशोब समजण्यास अडचण पडू नये. ट्विन ऑटरचे सर्व मिळून कमाल वजन ५,६७० किलो. सांगलीहून हळद भरून निघणारा साधा ट्रक याच्या अडीच-तीन पट असतो. या पावणेसहा टनांत विमान स्वतः, इंधन, वैमानिक, माणसे आणि सामान बसवायचे. शिवाय उंच पट्टीवर आणि उष्ण दिवशी ही मर्यादाही खाली येते. तापमान त्या उंचीच्या नेहमीच्या मानापेक्षा दहा अंशांनी वाढले, तर विमानाच्या दृष्टीने पट्टी आणखी साडेतीनशे मीटरांनी उंच झाल्यासारखी होते. मोजमापाच्या पट्टीवर सिमिकोट जागचे हलत नाही, पण दुपारच्या उन्हात ते वैमानिकाच्या कोष्टकात वर सरकते. मग कमी करायचे काय? इंधन ठरावीक मर्यादेखाली कमी करता येत नाही. परत फिरण्यापुरते ते हवेच. उरते सामान आणि माणसे. पाच किलोंसाठी घासाघीस करणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे की समोरच्या माणसाला भाव कमी करण्याचा अधिकारच नाही.

वेळेचेही तसेच. पर्वतीय उड्डाणे पहाटेपासून सकाळपर्यंतची. ऊन चढले की डोंगरउतार तापतात, हवा दरीतून वर सरकू लागते, आणि दहा-अकराच्या सुमारास अनेक दऱ्यांत वाऱ्याचा जोर वाढतो. चढत्या पट्टीवर उतरणाऱ्या विमानाच्या दृष्टीने हा वारा पाठीमागून येतो. तो थांबण्याचे अंतर वाढवितो. पाठोपाठ ढग तयार होतात, आणि डोंगरातील ढगात डोंगर असतो, अशी वैमानिकांत म्हणण्याची रीत आहे. त्यामुळे सकाळी नऊला निघणारे विमान आठ वाजता ‘थांबा’ म्हणून सांगते, अकरा वाजता रद्द होते आणि ऐंशी जण हॉटेलवर परततात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी यात्राप्रमुखाच्या भोवती गर्दी जमते. तिबेटच्या परवान्याची तारीख ठरलेली, परतीचे तिकीट ठरलेले, घरी लग्नघर. जाणकार म्हणविणारे एखादे गृहस्थ ‘आपण बोलून पाहतो, जास्तीचे पैसे लागले तर देऊ’ असे म्हणतात.

सर्वांत मोठा धोका येथेच आहे, धावपट्टीच्या लांबीत तितका नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये लुकला येथे उतरत असलेल्या ट्विन ऑटरला शेवटच्या टप्प्यात धुक्याने गाठले. विमान पट्टीच्या तोंडाशी आदळले आणि १८ जण दगावले. २९ मे २०२२ रोजी पोखराहून जोमसोमला निघालेले ट्विन ऑटर डोंगरावर आदळले. विमानातील सर्व २२ जण गेले. त्यांत ठाण्याचे एका कुटुंबातील चौघे होते. महाराष्ट्रातील अनेक घरांनी ती बातमी दोन दिवस श्वास रोखून पाहिली होती. तपास आयोगाच्या निष्कर्षानुसार विमान ढगांत शिरले, योग्य मार्ग राखला गेला नाही, आणि समोर डोंगर असल्याची सूचना देणारी यंत्रणा त्या वेळी निष्क्रिय ठेवलेली होती. अरुंद दऱ्यांत ही यंत्रणा सतत ओरडत राहते म्हणून ती बंद ठेवण्याकडे कल होतो, हे यामागचे साधे, मानवी आणि भयंकर कारण. मुक्तिनाथला जाणारे यात्रेकरू आजही याच दरीतून जातात.

यात प्रवाशाच्या हाती काय आहे? विमान चालविणे नाही, हवामान नाही. पण वेळापत्रक आहे. ज्या आयोजकाच्या कार्यक्रमात नेपाळगंज आणि सिमिकोट येथे प्रत्येकी एक-दोन दिवस मोकळे ठेवलेले नाहीत, त्याचा कार्यक्रम स्वस्त दिसतो, कारण हवामान बिघडणारच नाही असे त्याने गृहीत धरलेले असते. नोंदणी करतानाच विचारावे: विमान दोन दिवस उडाले नाही तर काय? खर्च कोणाचा? परवाना पुढे ढकलता येतो काय? या प्रश्नांना लेखी उत्तर मागणे यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. माल उचलण्यापूर्वी नमुना पाहणारे, पावतीवर प्रत्येक अट वाचणारे व्यापारी तीर्थयात्रेच्या बाबतीत मात्र ‘देवाच्या कामात काय विचारायचे’ म्हणून गप्प बसतात, हे विचित्र आहे. आणि परतीचे तिकीट, घरचे कार्य, दुकानातील हंगाम हे सर्व यात्रेला इतके खेटून ठेवू नये की एक रद्द झालेले उड्डाण सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसावे. ते चेहरे वैमानिकाच्याही नजरेला पडतात.

दुसरी तयारी शरीराची. नेपाळगंज दीडशे-दोनशे मीटरांवर, सिमिकोट तीन हजारांच्या जवळपास. पायी जाणारा हे अंतर अनेक दिवसांत चढला असता. विमान ते तासाभरात चढविते. शरीराला याची कल्पनाच नसते. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही पहिली लक्षणे बहुधा संध्याकाळनंतर किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात, तोवर पुढचे हेलिकॉप्टर आलेले असते आणि हिल्सा आणखी सहा-सातशे मीटर उंच. लक्षणे असताना आणखी वर जाऊ नये, वाढत असतील तर खाली उतरावे, हा वैद्यकशास्त्राचा सरळ नियम आहे. सिमिकोटला दोन रात्री राहणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. हृदय, फुप्फुस, रक्तदाब यांचे विकार असलेल्यांनी निघण्याआधी, नोंदणीपूर्वीच, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उंचीसाठीची गोळीही त्यांच्याच सांगण्यावरून.

व्रतस्थ श्रावक-श्राविकांची अडचण आणखी वेगळी. उंचावरील कोरड्या हवेत श्वासावाटेच पुष्कळ पाणी जाते. चौविहार पाळणारी व्यक्ती सूर्यास्तापासून पाणी घेत नाही. यात्रेत उपवास किंवा एकासणे करण्याची इच्छाही प्रबळ असते. घरातील तरुण मंडळी ऐन सिमिकोटला पोहोचल्यावर आग्रह करतात आणि वडीलधाऱ्यांना ते व्रतभंगासारखे वाटते. हा वाद तेथे होऊ नये. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणांत आगार असतातच. देहाची समाधी टिकावी म्हणून औषधादिकांची मोकळीक त्यात पूर्वाचार्यांनीच ठेवलेली आहे. निघण्यापूर्वी गुरुमहाराजांपाशी जाऊन आपला मार्ग, उंची आणि दिवस सांगावेत आणि त्यांच्या आज्ञेप्रमाणे नियम घ्यावा. स्वतः महाराजसाहेब वाहनात बसत नाहीत, पण श्रावकाच्या शक्तीचा विचार करून नियम देणे त्यांच्याइतके कोणाला कळते? दिवसा भरपूर उकळलेले पाणी, हलका आहार, सावकाश चालणे, एवढे व्रताच्या चौकटीत सहज बसते.

अष्टापदाची कथाही अशीच पायऱ्यांची आहे. श्वेतांबर परंपरेत ते आठ पायऱ्यांचे तीर्थ. पंधराशे तीन तापस तपाच्या बळावर चढू लागले आणि आपापल्या शक्तीप्रमाणे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पायरीवर थांबले. गौतमस्वामी मात्र सूर्यकिरणांच्या आधारे वर गेले. परतताना त्याच तापसांना त्यांनी दीक्षा दिली आणि खिरीने पारणे करविले. पायरीवर अडकून पडलेल्यांना कथेने कमी लेखलेले नाही. त्यांना केवलज्ञान झाल्याचेच ती सांगते.

सिमिकोटची सकाळ. विमान पट्टीला टेकते, पंख्यांचा घरघराट वाढतो, वेग मरतो, आणि ते वळून एका कडेला उभे राहते. एक इंजिन अनेकदा चालूच ठेवतात. दार उघडते, गार हवा आत येते. आजी काठी टेकत उतरतात, त्यांच्यामागे सून, तिच्या हातात पाण्याची बाटली. मागच्या दाराने पिशव्या बाहेर फेकल्या जातात, खाली जाणारी माणसे रांगेत उभीच असतात. दहा-पंधरा मिनिटांत दार लागते. विमान पट्टीच्या टोकाशी जाते, धावू लागते, कड्यापाशी पोहोचते आणि दरीवर तरंगत वळते. वारा सुटण्यापूर्वी त्याला आणखी दोन फेऱ्या करायच्या असतात. खाली नेपाळगंजला उरलेली मंडळी काट्यापाशी बसून आहेत.